तलाव खोल झाला, तुडुमाचे काय?

उन्हाळा लागला की आपल्या जिल्ह्यात कुठल्या ना कुठल्या तलावात पोकलेन उतरते. आठ-दहा दिवस ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, नारळ फुटतो, फोटो निघतो आणि तलाव खोल झाला म्हणून गाव खूश होते. पुढे हस्त नक्षत्र कोरडे जाते. धान निसवण्यावर आलेला असतो, बांधीला भेगा पडू लागतात, आणि शेतकरी पाळीवर उभा राहून पाहतो तो काय, तलावात पाणी आहे पण शेतात येत नाही. कारण पाणी तुडुमाच्या खाली गेलेले असते. किंवा तुडुम महिनाभर गळत राहून वरचे पाणी केव्हाच नाल्याला लागलेले असते. किंवा पाटच बुजलेला असतो.

यात दोष पोकलेनचा नाही. खोदकाम म्हणजेच तलावाची दुरुस्ती अशी जी समजूत झाली आहे, तिचा हा दोष आहे. आपले जुने तलाव ज्यांनी बांधले आणि दोन-अडीचशे वर्षे चालवले, त्यांच्या लेखी तलाव म्हणजे नुसता खड्डा नव्हता. वरचे रान, पाण्याची येण्याची वाट, पाळ, तुडुम, सांडवा, पाट, काठचे गवत, आतली मासोळी आणि हे सारे सांभाळणारा गावचा माणूस, एवढे मिळून तलाव होत असे. यातला एक भाग जरी सुटला तरी बाकीचे फार दिवस टिकत नाहीत.

राजाचे बक्षीस, कोहळ्यांचे हात

पूर्व विदर्भातल्या या तलावांचा इतिहास बहुतेकांना थोडाफार माहीत असतो. चांद्याच्या गोंड राजाने काशीयात्रेहून येताना कोहळी लोकांना सोबत आणले, असे परंपरेने सांगितले जाते. तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखालची जमीन देण्याची राजाची रीत होती. जंगल तोडून, दोन टेकड्यांच्या मधली घळ हेरून, मातीची पाळ घालून कोहळ्यांनी पाणी अडवले आणि त्यावर धान आणि ऊस पिकवला. गोंडांना रानाची आणि उताराची माहिती होती, ढिवरांना पाण्याची आणि मासोळीची. सगळ्यांच्या मेहनतीतून हा तलावांचा मुलूख उभा राहिला.

नवेगाव बांध हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा बांध घातला असे सांगतात. सभोवतालच्या सात टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात आणि कोलू पाटलांना लोक कोलासूर देव म्हणून पुजतात. पाणी अडवणाऱ्या माणसाला गावाने देव केले, एवढी त्या कामाची किंमत लोकांना कळत होती. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. ज्या काळी ना सिमेंट होते ना यंत्र, त्या काळी हे काम झाले.

मालगुजार गेला, तलाव राहिला

इंग्रजी अमदानीत हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात आले. मालगुजारी काही सुखाची नव्हती. वेठबिगार होती, जाच होता. ती गेली हे बरेच झाले. परंतु तलावाच्या बाबतीत एक व्यवस्था बसलेली होती. कोणाच्या शेताला कोणत्या क्रमाने पाणी, पाळीवर माती टाकायला कोणी यायचे, पाट कोणी साफ करायचा, हे गावाच्या वाजिब-उल-अर्जात लिहिलेले असे. पाणी फुकट होते, पण मेहनत सर्वांवर बांधलेली होती.

त्या वेळच्या मध्य प्रदेश सरकारने १९५० चा कायदा करून ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपवली. तलाव सरकारजमा झाले. आपण आज 'मामा तलाव' म्हणतो तो 'माजी मालगुजारी'चाच लघुरूपातला उच्चार. मालगुजार माजी झाला हे ठीक, पण 'माजी' हा शब्द नेमका तलावालाच चिकटून राहिला. ज्यांचा पाण्यावरचा हक्क कागदावर लिहिलेला होता, त्यांनी आता सरकारला पाणीपट्टी का द्यावी, हा वाद पुढे अनेक वर्षे चालला. पट्टी वसूल होईना, म्हणून दुरुस्तीला पैसा मिळेना. दुरुस्ती होईना, म्हणून कोणी पट्टी देईना. नंतर १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे आणि त्यावरचे पाटबंधारे खात्याकडे, अशी वाटणी झाली. मासेमारीचा ठेका आणखी वेगळीकडे. वरचे रान वनखात्याचे. एका तलावाचे चार धनी झाले आणि तुडुमात अडकलेली फांदी काढायला मात्र कोणीच राहिले नाही.

'आपला थोडाच आहे तो, सरकारचा आहे,' हे वाक्य आपण गावोगावी ऐकतो. खरे नुकसान या वाक्यानेच केले आहे.

खोलीकरणाचे गणित

आता थोडा हिशेब करू. एक हेक्टर तळ एक मीटर खोदला तर १०,००० घनमीटर जागा तयार होते. एक हेक्टर बांधीत पाच सेंटिमीटर पाणी भरायला ५०० घनमीटर पाणी लागते. म्हणजे कागदावर २० हेक्टरला एक पाणी मिळाले. ऊन, पाझर आणि पाटातली गळती यात निम्मे गेले असे धरले तरी १० हेक्टर, म्हणजे २५ एकर धान एका पाण्याने वाचतो. आकडा चांगलाच आहे.

परंतु हा हिशेब खोदकाम तुडुमाच्या उंबऱ्याच्या वर झाले तरच खरा. तुडुमाचे सर्वांत खालचे छिद्र ज्या पातळीवर आहे, त्याच्या खालचे पाणी आपोआप पाटात येत नाही. ते गुरांना होईल, मासोळीला होईल, आजूबाजूच्या विहिरींना पाझरेल. तेही मोलाचे आहे. पण शेताला द्यायचे तर इंजिन लावून उचलावे लागेल. म्हणून खोदकामाआधी पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे की उंबरा कुठे आहे आणि आपण खोदणार कुठे? जुन्या तलावांत गाळ मुख्यतः पाणी येते त्या तोंडाशी आणि मधल्या उथळ भागात साचलेला असतो. सिंचनाला उपयोगी जागा तिथे तयार होते. पोकलेन मात्र सोयीचे म्हणून पाळीजवळ, जिथे आधीच खोल आहे, तिथेच खणत बसते.

पाळीच्या पायथ्याशी खणणे तर धोक्याचेच. मातीच्या पाळीला खालून आधार असतो तो काढला की भरल्या पाण्यात ती खचते. तळाला जो चिकण मातीचा थर बसलेला असतो, तोच पाणी धरून ठेवतो. गाळ संपून पिवळी माती किंवा मुरूम लागेपर्यंत खणत गेले, तर तलावाला भोक पडल्यासारखे होते. आणि काठाशी उभे कडे ठेवून केलेले खड्डे गुरांसाठी आणि पोरांसाठी सापळेच ठरतात. उतार ठेवूनच खणावे.

आता दुसरा हिशेब पाहा. तुडुमातून सेकंदाला फक्त एक लिटर पाणी गळत असेल, म्हणजे लहान डबा एका सेकंदात भरेल एवढी धार, तर दिवसाला ८६,४०० लिटर जाते. महिनाभरात २,५९२ घनमीटर. एवढ्या पाण्यात पाच हेक्टर, म्हणजे साडेबारा एकर धानाला एक पाणी देता येते. ही गळती थांबवायला पोकलेन लागत नाही. गवंडी, थोडे सिमेंट, दाराला ग्रीस आणि लक्ष देणारा एक माणूस पुरतो. पण अशा कामाचे उद्घाटन होत नाही, म्हणून ते राहून जाते.

जुन्या तुडुमात एकाखाली एक छिद्रे असत. पाणी उतरेल तसतसे वरून खाली एकेक छिद्र मोकळे करायचे. त्यामुळे वरचे, उन्हाने तापलेले पाणी आधी जायचे आणि पाण्याचा जोरही आटोक्यात राहायचा. आज लोखंडी दार आणि चाक आहे. ते गंजले की कोणीतरी सब्बल घालून उचकटतो, आणि एकदा उचकटलेले दार पुन्हा नीट बसत नाही.

गाळ कुणाला, किती?

गाळ वाया घालवू नये हे बरोबरच आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही राज्य शासनाची योजना २०१७ साली आली. २०२३ साली ती पुन्हा सुरू करताना अल्पभूधारकांना गाळ वाहून नेण्यासाठी अनुदानाची तरतूदही झाली. या योजनेत गाळच काढायचा आहे, रेती नव्हे. ही अट गावाने डोळ्यांत तेल घालून पाळली पाहिजे. अनुदानाची चौकशी खोदकाम सुरू होण्याआधी करावी.

एका एकरात इंचभर जाडीचा थर द्यायला सुमारे १०० घनमीटर गाळ लागतो. तीन घनमीटरची ट्रॉली धरली तर तेहतीस-चौतीस खेपा झाल्या. म्हणून शेत जवळचे असेल तरच परवडते. हलक्या, मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीला गाळ फार मानवतो. जी बांधी आधीच चिकट आणि पाणथळ आहे, तिथे तो टाकून फायदा नाही. नाल्याच्या तोंडाशी साचलेला गाळ रेताड असतो. तो शेतात नेण्यापेक्षा पाळीच्या रस्त्यावर टाकावा. माती परीक्षण करून मगच ट्रॅक्टर सांगितला तर भाडे वाचते.

बेशरमचे राज्य

आपल्या कितीतरी तलावांच्या काठाला आज बेशरम माजली आहे. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेतली. कुंपणाला बरी म्हणून आली आणि नावाप्रमाणेच राहिली. गुरे तिला तोंड लावत नाहीत. शेळीने खाल्ली तर विषबाधा होते. तिच्या जाळीत गाळ अडकतो, काठ उथळ होतो, आणि उथळ झालेल्या काठावर ती आणखी पुढे सरकते. तोडून पाण्यात फेकली तर प्रत्येक कांडीला मुळे फुटतात. म्हणून नुसती छाटणी म्हणजे लागवडच. ती मुळासकट उपटून, पाण्यापासून दूर उंच जागी वाळवावी लागते, आणि पुढची दोन-तीन वर्षे नवे फुटवे काढत राहावे लागतात.

जलकुंभीचे दुखणे वेगळे आहे. तिला खाद्य आपणच देतो. गावच्या गटाराचे पाणी, शेणखताच्या उकिरड्यांचा निचरा, वरच्या बांध्यांतून वाहून आलेला युरिया, हे सारे तलावात गेले की जलकुंभी हिरवीगार होते. ती काढून खत करता येते. पण गटाराचे तोंड वळवल्याशिवाय ती पुन्हा येणारच. तलावाच्या वरच्या बाजूला शोषखड्डे, परसबागा आणि गटाराच्या शेवटी कर्दळीचा पट्टा, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो. मूर्तिविसर्जन, फवारणीचे पंप धुणे, औषधाच्या रिकाम्या बाटल्या फेकणे, या गोष्टींना मात्र तलावावर सरळ बंदीच हवी. जे पाणी ढोरे पितात, ज्यातली मासोळी आपण खातो, त्यात विष धुवायचे कसे?

मासोळीचे गवत

तलावातले सगळेच गवत वाईट नव्हे, हे ढिवर समाजातले जुने जाणकार सांगत आले आहेत. गाद, चिला, चिऊल, कमळ, देवधान अशा कितीतरी पाणवनस्पतींची नावे आणि कामे त्यांना तोंडपाठ असतात. कुठल्या गवतात मासोळी अंडी देते, कुठले तिला खायला लागते, कुठल्याच्या आडोशाला पिल्ले लपतात, हे ज्ञान पिढ्यानपिढ्यांचे आहे. मरळ, बोटरी, दाडक अशा गावठी मासोळीला हाच आसरा लागतो. तो खोदकामात साफ उपटला गेला की तलावात पाणी दिसते, मासोळी दिसत नाही. मग दरवर्षी बाहेरून रोहू, कटला, मृगळ यांचे बीज विकत आणून सोडावे लागते.

या बाबतीत आपल्याच भागात झालेले काम इतरांनी पाहण्यासारखे आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मनीष राजनकर यांच्या पुढाकाराने ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांना आणि महिलांना सोबत घेऊन अर्जुनी मोरगाव परिसरातल्या तलावांवर काम केले. पद्धत साधी होती. आधी ढिवरांना विचारायचे, पूर्वी इथे काय उगवत होते? मग उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढायची, तळाचा काही भाग नांगरायचा, आणि पाऊस पडल्यावर दुसऱ्या चांगल्या तलावातून आणलेल्या देशी पाणवनस्पती लावायच्या. बांधीत रोवणी करतो तशीच तलावात रोवणी. गवत परतले तशी गावठी मासोळी परतली, पक्षीही परतले. यात मोठे यंत्र नव्हते. ज्यांचे पोट तलावावर आहे, त्यांच्या शब्दाला किंमत दिली एवढेच.

सारस पक्ष्याचीही गोष्ट अशीच आहे. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच टिकून आहे. परसवाडा, झिलमिली यांसारखे तलाव आणि आसपासच्या धानबांध्या हे त्याचे घर. त्याच्या घटत्या संख्येची दखल घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. सारस उथळ पाण्यात गवताचा ढीग करून घरटे बांधतो. सगळा काठ खरवडून तलाव टाक्यासारखा केला तर तो कुठे जाणार? बांधीत घरटे दिसले तर तेवढा तुकडा महिनाभर सोडावा. चार सुपे धान कमी होईल, पण जिल्ह्याची ओळख राहील.

पाणी कुणाचे, किती?

आता नाजूक विषय. खालच्या शेतकऱ्याला तलावाचे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत हवे असते. ढिवराला पाणी उन्हाळ्यापर्यंत राहायला हवे असते, नाहीतर मासोळी वाढत नाही. तळात गाळपेर करणाऱ्याला वाटते की पाणी लवकर उतरावे. मग कोणी रात्री तुडुम उघडतो, कोणी सांडव्यावर पोती टाकतो, कोणी सांडवाच फोडतो. भांडण तहसीलपर्यंत जाते आणि त्या वर्षीचे पाणी नाल्याने निघून जाते.

यातून वाट निघते ती दोन गोष्टींनी. पहिली, तुडुमाजवळ दगडावर किंवा खांबावर रंगाने पाण्याची पट्टी आखावी, म्हणजे किती पाणी आहे हे सर्वांना दिसेल. दुसरी, ग्रामसभेत सर्वांसमक्ष ठरवावे की या खुणेच्या खाली सिंचनाला पाणी काढायचे नाही. ते मासोळीचे, ढोरांचे आणि विहिरींचे. या खुणेच्या वरचे पाणी धानाचे, तेही शेवटच्या टोकाच्या शेतापासून पाळीने. हस्ताच्या तोंडाला बैठक घेऊन पाळी लावली तर रात्रीचे जागरण आणि वैर दोन्ही टळते. गाळपेर करणाऱ्यानेही तळात रासायनिक औषध मारू नये आणि सांडव्याला हात लावू नये, एवढे मान्य करावे.

पाण्याची मागणी कमी करणे हाही यातलाच भाग आहे. ज्या तलावाची ताकद खरीप वाचवण्याची आहे, त्याच्या भरवशावर उन्हाळी धान करणे म्हणजे बियाणे खाऊन टाकण्यासारखे आहे. खरीप धानानंतर ओलीवर लाखोळी, हरभरा, जवस, वाटाणा ही पिके आपल्या बापजाद्यांनी काही उगाच घेतली नाहीत. डाळवर्गीय पिकांमुळे जमिनीला नत्र मिळते आणि तलावालाही विसावा मिळतो.

ग्रामसभेने काय ठरवावे?

सरपंच, सचिव, तलाठी आणि शेतकरी बंधूंनी पुढील कामांचा विचार जरूर करावा.

फाल्गुन-चैत्रात पाणी उतरले की तलावाची पायी फेरी करावी. सोबत ढिवर समाजाचे जाणकार, पाणी घेणारे शेतकरी आणि महिला बचत गट असावेत. पाळीवरची बिळे, वाळव्या आणि झाडांची मुळे, तुडुमाची गळती, सांडव्याची पडझड, पाटाचे बुजलेले तुकडे आणि अतिक्रमण यांची लेखी नोंद करून ती ग्रामपंचायतीत ठेवावी आणि तलाव ज्या खात्याचा आहे तिथे एक प्रत द्यावी. पोच घ्यायला विसरू नये.

वैशाखात तुडुम आणि सांडवा आधी, खोदकाम नंतर. खोदायचे तर कुठे, किती आणि कुठले गवत राखायचे, हे जागेवर चुन्याने आखून द्यावे. काठाचा निदान एक मोठा उथळ पट्टा, विशेषतः पाणी येते त्या बाजूचा, हात न लावता सोडावा.

मृगाआधी पाट साफ. रोजगार हमीतून होईल तेवढे करावे, उरले तर प्रत्येक पाणीदाराने आपल्या शेतासमोरचा तुकडा मोकळा करावा. पहिल्या पुराच्या पाण्याला मासोळी उलट चढते आणि अंडी घालते. ते पंधरा-वीस दिवस नाल्याच्या तोंडाशी जाळी लावू नये.

वर्षभरासाठी एक पाणकर नेमावा. त्याने तुडुमाची किल्ली सांभाळावी, पट्टी पाहावी, पाळी लावावी. त्याची मजुरी प्रत्येक पाणीदाराने सुगीत पायली-दोन पायली धान देऊन भागवावी. ही काही नवी गोष्ट नाही. पूर्वी गावात असे माणूस असतच. रक्कम लहान आहे, पण तिच्यामुळे 'तलाव सरकारचा' हे वाक्य बंद होते. ज्याच्यासाठी आपण पायलीभर धान मोजला, तो तलाव आपला वाटू लागतो.

जिल्ह्यात पाऊस कमी नाही. वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास तो पडतो. तो चार महिन्यांत पडतो आणि ऐन निसवणीच्या वेळी हुलकावणी देतो, हीच काय ती अडचण. तिच्यावरचा उपाय आपल्या पूर्वजांनी गावोगावी बांधून ठेवला आहे. नव्याने काही बांधायचे नाही, आहे ते सांभाळायचे आहे. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत खोलीकरणाच्या आधी एक ओळ लिहावी: तुडुमाची दुरुस्ती व पाणकराची नेमणूक.